सातबाऱ्याबाहेरचं कूळ

गावच्या घराच्या कुलपात किल्ली जाईना.

कुलूप आजोबांच्या वेळचं, पितळी, करवंटीएवढं. किल्ली वीतभर लांब. एरवी ती आत जाते आणि फिरत नाही, हा दरवर्षीचा अनुभव. पण मुळात आतच जात नाही हे नवीन होतं. पाऊस धरून पडत होता, गणपती परवावर आले होते, आणि काकू मांडीवर पुठ्ठ्याचं मखर धरून गाडीत बसली होती ती उतरायला तयार नव्हती.

"तेल घाल," दादा म्हणाला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, ठाण्याचा. कुठेही काही अडलं की तो हेच सांगतो. तेल घातलं. ते आत न शिरता ओघळून माझ्या पँटवर आलं. मग गुडघे टेकून डोळा लावला, तेव्हा कळलं की भोक उरलेलंच नाही. तिथे लाल मातीचा, बोटाने सारवल्यासारखा गुळगुळीत गिलावा होता. कुंभारणीने आमच्या कुलपात बाळंतपण उरकलं होतं.

कुंभारीण म्हणजे ती दोऱ्याएवढ्या कंबरेची माशी, चिखलाचे गोळे तोंडात धरून आणते आणि दिसेल त्या भोकात घर बांधते. बंद घरांवर तिचा फार जीव. मागच्या वर्षी तिने विजेच्या सॉकेटमधलं नेमकं वरचं, अर्थिंगचं भोक लिंपलं होतं आणि आम्ही मिक्सर बिघडला म्हणून तो पुण्याला परत नेला होता.

बायकोच्या अंबाड्यातला आकडा मागून घेतला आणि कोरायला लागलो. माती भुगा होऊन पडली. तिच्याबरोबर सहा हिरव्या अळ्या पायरीवर पडल्या. मेलेल्या नव्हत्या. हातात घेतली तर एकीने शेपटीचं टोक जरासं हलवलं, आळस आल्यासारखं, आणि पुन्हा गप्प.

"मोडलंस ना तिचं घर?" मागून आवाज आला. तात्या. शेजारचे, वय ऐंशीच्या पुढे, छत्री मिटून काखेत आणि डोक्यावर इरलं. "सगळं आयुष्य कीर्तनं ऐकलीस आणि कीटभृंगी कळली नाही तुला."

कीर्तनातली कीटभृंगी मला माहीत होती. भृंगी अळीला आणून मातीच्या कोठडीत कोंडते, बाहेरून गुणगुणत राहते. अळीला तिचा असा ध्यास लागतो, की शेवटी ती अळीच भृंगी होऊन बाहेर पडते. शिष्याने गुरूचा ध्यास कसा घ्यावा हे सांगायला बुवा हाच दाखला देतात आणि श्रोते माना डोलावतात. खरा प्रकार अळीच्या बाजूने बघितला, तर कीर्तन तिथेच थांबेल. कुंभारीण अळीला डंख मारते तो मारायला नाही, लुळी करायला. कोठडीच्या छताला एका तंतूने तिने आपलं अंडं आधीच टांगलेलं असतं; त्याखाली ती अळ्या रचते आणि दार लिंपून निघून जाते. पिल्लू बाहेर येतं ते भरल्या कोठारात. अळ्या जिवंत, म्हणजे माल ताजा. एकेक करून सगळ्या संपवल्या की ते कोषात जातं आणि पंख फुटल्यावर भिंत फोडून उडतं. अळी भृंगी होते हे खरंच आहे; ज्या अर्थाने रविवारी कोंबडी माझ्याशी एकरूप होते, त्याच अर्थाने.

हे मी तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तेच तर सांगतोय. सायुज्यता."

दार उघडलं. कुबट वास आला आणि पडवीच्या वाशांखालून एक बारीक घूं ऐकू आली.

आमच्या घराची थोडक्यात परिस्थिती अशी. सातबाऱ्यावर चौदा नावं. त्यातली पाच देवाघरी, दोन अमेरिकेत, एक कुठे आहे ते कुणी विचारत नाही, आणि उरलेली सहा वर्षातून अकरा दिवस इथे येऊन कुणी काय घासलं नाही यावर बोलतात. बाकीचे तीनशे चोपन्न दिवस ज्यांचा इथे राबता असतो, त्यांचं नाव कुठेच नाही. पण घर चालतं त्यांच्या शिस्तीने. पडवीत तिसऱ्या वाशाला तळहाताएवढं करडं पोळं लोंबत होतं. उलट्या छत्रीसारखं, खाली उघडं, प्रत्येक घरात एकेक पांढरट डोकं. त्यावर चाळीसेक तपकिरी गांधीलमाश्या बसलेल्या. या लहान जातीच्या. आमच्या लहानपणी आम्ही त्यांना काठी लावायचो आणि मग आम्हाला काठी लागायची.

या लहान गांधीलमाशीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आयुष्यातली कित्येक दशकं घालवली. रोपॅलिडिया मार्जिनाटा हे तिचं शास्त्रीय नाव. २००१ साली त्यांनी तिच्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. त्यांच्या संशोधनातला एक भाग मी आमच्या कुटुंबात कधी वाचून दाखवणार नाही. त्यांनी पोळ्यातली राणी उचलून बाजूला ठेवली. तर काही मिनिटांत एक साधी कामकरीण एकदम तडफदार झाली, आणि थोड्याच दिवसांत तीच राणी. कुणी तक्रार केली नाही. तिलाही काढलं, तर लगेच पुढची. म्हणजे वारस कोण, त्यानंतर कोण, त्यानंतर कोण, हे पोळ्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. बाहेरून बघणाऱ्या शास्त्रज्ञांना मात्र आधी ओळखता येत नाही. मृत्युपत्र नाही, फेरफार नाही, हरकतीची नोटीस नाही. आमच्याकडे आजोबा १९७४ ला गेले आणि त्यांच्या पितळी तपेल्याचा निकाल अजून लागायचा आहे.

"काढून टाकूया का?" मी वर बघत विचारलं.

"त्या काय करतायत तुला?" काकू म्हणाली. "तुझ्यापेक्षा कमी आवाज करतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मी त्या पोळ्याखाली बसलो होतो. एकाएकी सगळी पोळ्यावरची मंडळी ताठ झाली. खळ्यातून एक मोठी आली. करंगळीच्या दीड पेराएवढी, काळी, पोटाला नारिंगी-पिवळा रुंद पट्टा. ती सरळ पोळ्यावर उतरली. चाळीस जणी बाजूच्या वाशावर सरकल्या, वसुलीला आलेल्याला वाट द्यावी तशा. मोठीने एका घरात डोकं घातलं, पांढरी गुबगुबीत अळी ओढून काढली, पायात धरून तिथेच चावून चावून तिचा गोळा केला, आणि चिंच गोळा करावी तितक्या सहजतेने घेऊन गेली. दहा मिनिटांनी परत आली. मग आणखी एक आली. दुपारपर्यंत पोळ्यातली सगळी पिल्लं संपली. लहान गांधीलमाश्या वाशावर बसून बघत होत्या.

ही मोठी म्हणजे व्हेस्पा ट्रॉपिका. दुसऱ्या गांधीलमाश्यांची पोळी लुटणं हा तिचा मुख्य धंदा. व्हेस्पा म्हणजे इटालियनमध्ये गांधीलमाशी. १९४६ साली निघालेल्या त्या प्रसिद्ध स्कूटरलाही नाव तेच दिलं. बाबांकडे व्हेस्पा होती. ती वीस लाथा खाल्ल्याशिवाय जागी व्हायची नाही. या व्हेस्पाला एकही लाथ लागत नाही. ज्या दिशेला ती उडत गेली त्या दिशेला मी बघितलं: खालच्या अंगाला, रातांब्याकडे. बघितलं आणि कप विसळायला गेलो. तिथेच चूक झाली, कारण रातांब्याचा कोपरा हा साधासुधा कोपरा नव्हता.

आमचं आगर आणि दादाचं आगर यांच्यामध्ये चिऱ्याच्या ढेपांचा गडगा आहे. बाबांच्या तरुणपणी एका पावसाळ्यात तो कोसळला. पुन्हा रचला तेव्हा तो चार फूट सरकला. आमच्या मते आमच्याकडे, काकांच्या मते त्यांच्याकडे. चार फूट रुंद आणि साठ फूट लांब, म्हणजे दोनशे चाळीस चौरस फूट. पाव गुंठाही भरत नाही. टोकाला एक रातांबा. एवढ्यासाठी दोन सख्खे भाऊ एका ओटीवर तीस वर्षं एकमेकांकडे पाठ करून सुपारी कातरत बसले. त्या झाडाचे रातांबे मे महिन्यात पडून कुजतात आणि दोन्ही घरं पुण्यात नि ठाण्यात दुकानातून आमसुलं विकत घेतात. पण तत्त्वाचा प्रश्न आहे. बाबा गेले, काका गेले, तत्त्व राहिलं. म्हणून दिवाळीनंतर रीतसर पैसे भरून हद्द कायम मोजणी करून घ्यायची असं ठरलं होतं, आणि त्यासाठी गणपतीतच गडग्याकडचं रान साफ करायचं होतं.

तिसऱ्या दिवशी कटरवाला आला. पाठीला पेट्रोलचं इंजिन, तोंडावर जाळी, पायाला गमबूट. मी आणि दादा दोन बाजूंना उभे, तो कुणाच्या बाजूचं गवत जास्त कापतो हे बघायला. छातीएवढं गवत सपासप पडत होतं. तो रातांब्याच्या बुंध्याशी पोचला, यंत्राचं पातं एका ढेपेवर घासलं, खण्णकन आवाज झाला. आणि मग मी एक अशी गोष्ट बघितली जी कटरवाल्यांच्या बाबतीत कधी होत नाही. त्याने चालू यंत्र पट्ट्यासकट टाकून दिलं आणि एक शब्दही न बोलता विहिरीच्या दिशेने धावत सुटला.

"काय झालं रे?" मी ओरडलो. उत्तर जमिनीतून आलं.

रातांब्याच्या मुळाशी घुशीचं जुनं बीळ होतं. त्यातून काळा धूर निघावा तशा त्या निघाल्या. घूं नव्हतंच ते, खर्जातला सूर होता, पायांच्या तळव्यांना जाणवणारा. दादा घराकडे पळाला. मी पुण्याचा असल्यामुळे आधी वाचलेलं आठवत उभा राहिलो: हात हलवू नयेत, चिरडू नये, कारण विषाच्या वासाने बाकीच्यांना हाक जाते. आठवून होईपर्यंत एक नाकपुडीवर बसली. मी हात हलवला, चिरडली, आणि हाक गेली.

मधमाशीच्या नांगीला आकडे असतात; ती एकदा चावते, नांगी कातडीत अडकते आणि ती मरते. काहीतरी न्याय आहे त्यात. गांधीलमाशीची नांगी सुईसारखी, आत-बाहेर, आत-बाहेर. मी पडवीत पोचेपर्यंत मला सात ठिकाणी आणि दादाला तीन ठिकाणी प्रसाद मिळाला होता. कटरवाल्याला एक. यंत्र तिथेच गवतात संध्याकाळपर्यंत गुरगुरत पडलं होतं, पेट्रोल संपेपर्यंत. कुणी बंद करायला गेलं नाही.

गावात डंख झाला की औषधं चालत येतात. पहिली काकू: नाकाला चुना. मग समोरच्या वहिनी: तुळशीखालची माती. मग तात्या: गंजका विळा घासून लाव. मग कोणीतरी आगळ, कोणीतरी झेंडूचा पाला. पंधरा मिनिटांत माझं नाक पांढरं, तपकिरी, लोखंडी आणि जांभळं झालं आणि आकाराने वांग्याएवढं. गौरीच्या मुखवट्याशेजारी बसवलं असतं तरी शोभलं असतं. शेवटी आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर पोरगेल्या वयाची, पण हात स्थिर. तिने सगळं धुऊन काढलं, बर्फ ठेवला, इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "श्वास लागतोय? चक्कर? चावलंय नाकाला आणि ओठ किंवा जीभ सुजलीय असं काही? अंगभर गांधी?" नाही म्हटलं. "मग वाचलात. यातलं एकही असतं तर चुना लावत बसायला वेळ नसतो, ॲड्रिनलिन लागतं. आणि पन्नास-शंभर डंख झाले तर मूत्रपिंडावर येतं, दोन दिवसांनी सुद्धा." दादा एवढं ऐकून स्टुलावर बसला.

परतल्यावर पलंगावर पडून मोबाईलवर वाचायला लागलो, कारण दुःख किती आहे ते कळलं की बरं वाटतं. जस्टिन श्मिट नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने नाना जातींचे डंख स्वतः सोसून वेदनेची १ ते ४ अशी मोजपट्टी बनवली आहे. साधी मधमाशी तिच्यात २ वर. पण माझ्या कामाचा निघाला तो दुसरा, मायकेल स्मिथ. त्याने शरीरावरच्या २५ जागांवर मधमाश्यांकडून डंख करून घेतले आणि प्रत्येकाला दहापैकी गुण दिले. २०१४ मध्ये ते प्रसिद्धही केलं. पुढच्या वर्षी दोघांना मिळून इग नोबेल मिळालं. पहिला नंबर कशाचा? नाकपुडीचा, ९. दुसरा वरच्या ओठाचा. तिसरी जागा ललितलेखात लिहिता येत नाही. सर्वांत कमी दुखतं ते डोक्याच्या कवटीवर, पायाच्या मधल्या बोटाच्या टोकावर आणि दंडावर.

"दादा," मी गेंगाण्या आवाजात विचारलं, "तुला कुठे कुठे चावली?"

"डोक्याला दोन. दंडाला एक."

म्हणजे वाटणी इथेही झालीच होती. थोरल्या पातीला नेहमीसारखी चांगली जागा.

रात्री ओटीवर सभा भरली. प्रश्न होता, त्या बिळाचं काय करायचं. आणि तिथे मला कळलं, की आमच्या घराण्यात किती मोठेपणा दडलेला आहे.

"तुमच्या जागेत पोळं आहे, तुम्ही बघा," मी म्हटलं.

"आमच्या?" दादा म्हणाला. "रातांबा तुमचा आहे ना?"

"छे! बाबा शेवटच्या आजारात सुद्धा म्हणायचे, रातांबा तुमच्याकडचाच."

"काय सांगतोस. आमचे अण्णा तर म्हणायचे, धाकट्याचं झाड आहे, त्याला हात लावू नका."

तीस वर्षं, दोन वकील आणि एक मोडलेलं लग्न यांनी जे झालं नव्हतं ते सात अधिक तीन डंखांनी झालं. चार फुटांची ती पट्टी आम्ही एकमेकांना देऊ केली, परत केली, पुन्हा देऊ केली. काकूने पदर डोळ्याला लावला. तिला वाटलं, गणपती पावला.

तात्या कोपऱ्यात अडकित्ता चालवत होते. म्हणाले, "भांडताय कशाला? ती तुमची नाही नि तुमचीही नाही. कुळाची झाली."

"कुळाची?"

"कुळकायदा विसरलात? कसेल त्याची जमीन. १९४८ चा कायदा, आणि ५७ सालच्या १ एप्रिलपासून कूळ मालक. तुमच्या आजोबांनी सगळी भातशेती घालवली ती कशात? कधी बांधावर उतरले नाहीत. जे राबत होते त्यांना मिळाली, योग्यच झालं. आता या बघा. त्या कोपऱ्यात गेल्या दहा वर्षांत मातीत हात कुणी घातला? तुम्ही? यांनी? कसतायत कोण?" त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "आणि कागद म्हणाल, तर तोही आहे त्यांच्याकडे. स्वतः केलेला."

ही शेवटची गोष्ट अक्षरशः खरी आहे. गांधीलमाशी वाळक्या लाकडाचा कीस काढते, लाळेत मळते आणि पातळ पापुद्रा लाटते. तो कागदच असतो. जमिनीखाली त्या पापुद्र्याचे एकाखाली एक टांगलेले मजले असतात. १७१९ साली रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने गांधीलमाश्यांकडे बघूनच सुचवलं होतं, की चिंध्या कशाला, लाकडापासूनही कागद होईल. म्हणजे सातबारा, फेरफार, नोटिसा, आमची सगळी हयात ज्यात गेली तो लाकडाचा कागद मूळ त्यांचा. आम्ही नकला बाळगून आहोत.

पण दादा इंजिनिअर आहे. त्याला कायदा सांगून उपयोग नव्हता. "रात्री सगळ्या आत असतात," तो म्हणाला. "बिळात औषध ओतायचं आणि तोंड बंद करायचं. पाच मिनिटांचं काम." रॉकेल सुचवलं गेलं, ते आता शोधूनही मिळत नाही, शिवाय विहीर तिथून दहा पावलांवर. मग बाजारातून पावडर आणली. विसर्जनाच्या आदल्या रात्री दादाने वेष केला: दोन पँट, रेनकोट, हेल्मेट, गळ्याभोवती काकूची शाल, हातात स्वयंपाकघरातले कापडी मोजे. हात मोकळे हवेत म्हणून कपाळाला पट्ट्याने बॅटरी बांधली, झगझगीत. मी मदतनीस, वीस फुटांवर. माझं नाक अजून बरं नव्हतं, त्यामुळे मला वजन होतं.

तो गेला. बिळाशी वाकला. पावडरीचा डबा उघडला. बरोबर होतं त्याचं, सगळ्या आत होत्या. पण दारावर पहारा होता, आणि अंधारात गांधीलमाशीला कळत नाही कुठे जावं. तिला एकच गोष्ट दिसते, उजेड. आणि उजेड कुठे होता, तर दादाच्या कपाळावर.

मला दुरून फक्त एक दिवा दिसला. तो आधी खाली होता, मग एकदम वर उडाला, मग आगरातून नागमोडी धावत सुटला, माडांच्या बुंध्यांना वळसे घालत, शेवटी शेणकईत विझला. पाठोपाठ पावडरीचा पांढरा ढग माझ्या दिशेने आला. समोरच्या वहिनींनी दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीत सांगितलं, की तुमच्या आगरात आता देवचार फिरतो. हेल्मेटमुळे वाचला. काचेवर बाहेरून अकरा बसल्या होत्या आणि त्याच्याकडे बघत होत्या, त्याने मोजल्या. करायचं तरी काय दुसरं, असं तो म्हणाला.

त्यानंतर आम्ही कागदोपत्री नाही, पण मनाने ताबा सोडला. कोपऱ्याच्या अलीकडे पंधरा फुटांवर दोरी बांधली, दोरीला लाल फडकं. मुलांना सांगितलं, पलीकडे जायचं नाही. आणि फडक्याच्या अलीकडे बसून बघायला लागलो, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. त्या आपल्या येत होत्या, जात होत्या. डिवचलं नाही तर ढुंकून बघत नव्हत्या. कुठे कोबीवरची अळी नेली, कुठे पोफळीवरचा किडा. नेलेलं त्यांना स्वतःला खाताही येत नाही. कंबर इतकी बारीक, की घट्ट काही खाली उतरत नाही. सगळं पिल्लांना. पिल्लं भरवणाऱ्यांना तोंडातून गोड रसाचा थेंब देतात, त्यावर मोठ्यांचं पोट. काकू म्हणाली, "अमेरिकेतल्यांसारखंच. सगळं इथून न्यायचं आणि दिवाळीला थेंब पाठवायचा."

दिवाळीनंतर मोजणीदार आले. तीन पायांवर यंत्र लावलं, नकाशा उलगडला, तीन कोपऱ्यांवर खुणा झाल्या. चौथा कोपरा रातांब्याचा.

"इथे कुणाची वहिवाट?" त्यांनी विचारलं.

"यांची," मी दादाकडे बोट केलं.

"यांची," दादाने माझ्याकडे.

त्यांनी चष्मा काढला. "इतकी वर्षं मोजण्या करतोय, असं पहिल्यांदा ऐकलं." मग फडक्याकडे बघितलं, बिळातून वर आलेल्या एकीकडे बघितलं, आणि यंत्र मिटलं. "खूण तिथे ठोकावी लागेल. हातोड्याने. तुमच्यापैकी कोण ठोकतंय?" कुणी बोललं नाही. चहा झाला. चौथी खूण राहिली.

शिमग्याला मी एकटाच गावी गेलो. दादाला रजा नव्हती. पालखी नाचून गेल्यावर दुपारी सहज फडक्याशी गेलो. बराच वेळ उभा राहिलो. काही आलं नाही, काही गेलं नाही. फडक्याच्या आत एक पाऊल टाकलं. मग दुसरं. बिळाच्या तोंडाशी मुंग्यांची एक बारीक ओळ आत चालली होती. काठी घातली तर करड्या कागदाचे तुकडे वर आले, शिळ्या पापडासारखे, लाटांच्या रेघारेघांचे. बिऱ्हाड संपलं होतं.

एक तुकडा खिशात घातला. त्याच वेळी फोन वाजला. दादा.

"काय म्हणतंय गाव? आणि ती मंडळी आहेत का गेली?" त्याचा आवाज जरा जास्तच सहज होता. "नाही म्हणजे, गेली असतील तर मोजणीचा अर्ज पुन्हा करायला हवा. तो रातांबा... मी अण्णांची जुनी वही बघत होतो परवा. तसं पाहिलं तर..."

मी बिळात बघितलं. मग गडग्याकडे, मग ओटीवरच्या त्या दोन पाटांकडे, जिथे ते दोघे पाठीला पाठ लावून बसायचे.

"आहेत," मी म्हटलं. "वाढल्यात. आता रातांब्याच्या ढोलीत पण शिरल्यात."

"बाप रे. मग राहू दे. तुमचंच झाड आहे."

"छे, तुमचंच."

फोन ठेवला आणि मागे वळलो तर गडग्यापलीकडे तात्या उभे. किती वेळचे, देव जाणे.

"तात्या," मी म्हटलं, "म्हणजे... आत्ताच बघितलं मी."

"मी पौषातच बघितलं," तात्या म्हणाले. "कुणी विचारलं नाही, मी बोललो नाही."

मी काठी टाकली, लाल फडकं नीट ताणून पुन्हा बांधलं आणि मोकळ्या बिळाला दहा पावलांचा वळसा घालून घराकडे निघालो.

"बारा घाल," मागून तात्या म्हणाले. "वाडी बघत असते."